आत आल्याची नोंद नाही

मी नक्की काय काम करत होते, हे आमच्या कॉलनीतल्या बायकांना अजून कळलेलं नाही. ‘कॉम्प्युटरचं काहीतरी’ एवढ्यावर त्यांनी भागवलंय, आणि मीही कधी फार समजावत बसले नाही. नगरच्या एका छोट्या फर्ममध्ये मी अठ्ठावीस वर्षं नेटवर्क जोडण्याचं काम केलं. दवाखाने, शाळा, बाजार समित्या, गावोगावच्या संस्था अशी आमची गिऱ्हाइकं. एका जागचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचे आणि मग ते सगळे मिळून बाहेरच्या जगाला. या दुसऱ्या कामासाठी आम्ही बऱ्याच ठिकाणी एक जुना कॉम्प्युटर मध्ये ठेवायचो. त्याला नेटवर्कची दोन कार्डं असायची. एका कार्डाची वायर आतल्या बाजूला, दुसऱ्याची बाहेरच्या. एकीकडून आलेलं दुसरीकडे द्यायचं, एवढंच त्याचं काम. त्याच्यासमोर कोणी बसत नाही, त्याला सहसा स्क्रीनही नसतो. कोपऱ्यात धूळ खात तो वर्षानुवर्षं चालतो.

लोकांना त्याचं महत्त्व पटत नसे. पारनेरच्या एका कार्यालयातून ‘सगळं बंद पडलंय’ म्हणून फोन आला, तेव्हा धावत गेले. पाहते तर हेडक्लार्कने दोनपैकी एक वायर उपटून खिडकीला आडवी बांधली होती आणि तिच्यावर टॉवेल वाळत घातला होता. एक वायर चालू आहे, मग दुसरी कशाला, असा त्यांचा हिशेब. मी वायर परत लावली आणि त्यांना सुतळी आणून दिली.

पुढचं समजायला थोडी माहिती लागेल, ती सांगते. नेटवर्कवरून जे जातं ते छोट्या छोट्या पाकिटांतून जातं. प्रत्येक पाकिटावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा क्रमांक असतो. कॉम्प्युटर मुळात आपल्यापुरता असतो. दुसऱ्याच्या नावाचं पाकीट दारात आलं तर तो ते टाकून देतो, आणि टाकलं म्हणून कोणाला सांगतही नाही. ‘तुझं नसलं तरी पुढे दे’ हे त्याला मुद्दाम सांगावं लागतं. आणि मी दर ठिकाणी एक वही चालू करून ठेवायचे. कागदाची नाही, कॉम्प्युटरच्या आतली. कोणत्या क्रमांकाचं पाकीट किती वाजता आलं, कोणत्या कार्डावरून आत आलं, कोणत्या कार्डावरून बाहेर गेलं, की टाकून दिलं, अशी एकेका पाकिटाची एकेक ओळ.

मला सांगायचंय ते राजूरचं.

राजूरला शेतकऱ्यांची एक पाण्याची संस्था होती. सभासदांच्या मोटारी ओढ्याच्या पात्रात बसवलेल्या. तिकडे अडचण अशी की वर डोंगरात पाऊस कोसळतो तेव्हा खाली राजूरला ऊन पडलेलं असू शकतं, आणि मग दोन-तीन तासांत ओढा एकदम अंगावर येतो. म्हणून संस्थेने ओढ्यावर तीन ठिकाणी पाणी मोजायच्या पट्ट्या रोवल्या. प्रत्येक पट्टीशेजारी खांबावर एक कुलूपबंद पेटी, तिच्यावर सौर पत्रा. माणसाने पट्टीवरचा आकडा बघायचा, पेटी उघडून तो दाबायचा. पेटीतून तो बिनतारी राजूरच्या कार्यालयाच्या गच्चीवर यायचा, तिथून आमच्या मधल्या कॉम्प्युटरच्या पहिल्या कार्डावर, दुसऱ्या कार्डावरून बाहेर, आणि मिनिटाभरात सगळ्या सभासदांच्या मोबाईलवर. पाणी चढतंय असं दिसलं की पात्रातल्या माणसांनी वर यायचं.

सगळ्यांत वरची पट्टी एका वाडीजवळ होती. तिथे मोबाईलला रेंज नव्हती, गाडी अर्ध्यापर्यंतच जायची. तिथले मोजणीदार दगडूतात्या. साठीच्या पुढचे, सडपातळ, स्वतःची थोडी भातशेती करणारे. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच अशा तीन वेळा ते आकडा पाठवायचे. मी पेटी शिकवायला गेले तेव्हा त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी एकच विचारलं, “मी धाडलेलं पोचलं, ह्ये मला कसं कळायचं?”

प्रश्न रास्त होता. मी पेटीत एक हिरवा दिवा बसवून दिला. आकडा गच्चीवरच्या डिशला मिळाला की दिवा लागायचा. पुढे तो कॉम्प्युटरमधून बाहेर पडला की नाही, याच्याशी त्या दिव्याचा काही संबंध नव्हता. तेवढं करायला आणखी दोन दिवस लागले असते. मी तात्यांना म्हटलं, दिवा लागला की पोचलं समजा. त्यांनी मान डोलावली.

चार पावसाळे तात्यांनी एकही आकडा चुकवला नाही. मग एका फाल्गुनात ते शेतातच बसल्या बसल्या गेले. संस्थेला त्या वाडीवर दुसरा माणूस मिळेना, म्हणून वरची पट्टी बंद करायचं ठरलं. उन्हाळ्यात ओढा कोरडा असतो, तेव्हा सगळी यंत्रणाच बंद असायची. ज्येष्ठात मी गेले आणि खालच्या दोन पट्ट्यांसाठी ती सुरू करून आले; वरच्या पट्टीचा क्रमांक यादीतून काढायचं मनात आलं नाही, तिकडून आता काही येणारच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी संस्थेचे कारकून शांताराम यांचा फोन आला. सरळ, कामापुरतं बोलणारा माणूस. तात्यांच्या क्रमांकावरून आकडे येतायत, असं ते म्हणाले. सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी पाच. सभासदांच्या मोबाईलवर मयत माणसाच्या नावाने पाण्याची पातळी पोचत होती. पेटीची किल्ली तात्यांच्या कमरेच्या करगोट्याला असायची, ती त्यांच्याबरोबरच गेली असं सगळे धरून चालले होते. वाडीचा एक माणूस बाजाराला आला होता, त्याला शांतारामांनी विचारलं. पेटीला कुलूप आहे आणि तिकडे कोणी फिरकत नाही, असं तो म्हणाला.

मी हसले आणि पुढच्या आठवड्यात गेले. कॉम्प्युटरला कोणीतरी हळदकुंकू वाहिलं होतं. दोन्ही कार्डांच्या मधोमध पत्र्यावर बोटं उमटलेली. मी ते पुसलं नाही. शेजारी स्क्रीन लावून वही उघडली आणि बसून राहिले. बाराला पाच कमी असताना कार्यालयात आणखी चार-पाच जण येऊन मागे उभे राहिले. बाहेर रस्त्यावर ऊन होतं. नुकतीच वीज गेल्यामुळे पंखा बंद, कॉम्प्युटर बॅटरीवर चाललेला.  बरोबर बाराला ओळ उमटली. क्रमांक तात्यांचा, पातळी चाळीस सेंटिमीटर.

मागचे सगळे एकेक करून बाहेर गेले. पायऱ्या उतरताना त्यांच्या चपलांचा आवाज मला ऐकू येत होता.

मी मनाशी ठरवून टाकलं की पेटी बिघडली आहे आणि आठवणीतले जुने आकडे पुन्हा पुन्हा पाठवते आहे. खात्री करायची तर वाडीवर जायला हवं होतं. पावसाने रस्ता खचला होता, माझे गुडघे दुखत होते, आणि दुसऱ्या दिवशी नेवाशाला दवाखान्याचं काम लागलेलं. शांताराम म्हणत होते की लोक घाबरलेत, काहीतरी करा. मी एक ओळ लिहिली. या क्रमांकाकडून जे येईल ते टाकून दे. अशी ओळ दोन तऱ्हांनी लिहिता येते. एकीत पाकीट नाकारलं असं पाठवणाऱ्याला कळवलं जातं, दुसरीत काहीच कळवलं जात नाही. मी दुसरी लिहिली. लोकांच्या मोबाईलवरचे आकडे थांबले. शांतारामांनी मला चहा पाजला.

आषाढ संपता संपता ते झालं. राजूरला त्या दिवशी उघडीप होती. बाळासाहेब आणि गोरख असे दोघे सख्खे भाऊ, संस्थेचेच सभासद, दुपारी पात्रात उतरले होते. मोटारीत गाळ गेला होता, ती सोडवून वर काढायची होती. तीनच्या सुमाराला पाणी आलं. मधल्या पट्टीचा आकडा सुटला, पण तो आणि पाणी जवळजवळ एकदमच पोचले. बाळासाहेबांना काठावरच्या करंजाची मुळी हाताला लागली. गोरख खाली वाकून नट सोडवत होता. तो तिसऱ्या दिवशी सापडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांतारामांचा फोन आला. झालेलं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, “मॅडम, तात्यांच्या नंबरावरून काही आलं हुतं का, तेवढं बघता का?”

मी नगरहूनच त्या कॉम्प्युटरला जोडून घेतलं आणि वही उघडली. सकाळी सातला साठ सेंटिमीटर, टाकून दिलं. संध्याकाळी पाचला तीन मीटर दहा, टाकून दिलं. आणि मधे बाराची ओळ होती. दोन मीटर पस्तीस. टाकून दिलं. पाणी भावांपर्यंत पोचायला तेव्हा तीन तास होते.

मी त्याच दिवशी निघाले. रात्री अकोले गावात मुक्काम करून सकाळी वाडीची वाट धरली. गाडी जिथपर्यंत जाते तिथे सोडली आणि पुढे पायी. पाऊस नव्हता, पण झाडांतून पाणी गळत होतं आणि खाली ओढ्याचा आवाज सारखा चालू होता. पट्टीजवळ पोचले. पेटीला कुलूप. खांबापर्यंत एक बारीक पायवाट आलेली, तिच्यावरचं गवत नुकतंच तुडवलेलं. त्या पायवाटेने वर गेले तर ती तात्यांच्या दारात निघाली.

तात्यांच्या बायको हिराबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. पेटीची किल्ली काळ्या दोऱ्यात गळ्यात होती. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला पाणी दिलं आणि मी न विचारताच सांगायला लागल्या. तात्यांना एकदा ताप आला होता, तेव्हा त्यांनी बायकोला पेटी शिकवली. आकडे तिला वाचता येत होतेच. जाण्याच्या आदल्या पावसाळ्यात ते तिला म्हणाले होते की मी असलो नसलो तरी आकडा चुकवू नकोस, खाली माणसं आहेत. म्हणून त्या जात होत्या. पट्टी बंद केल्याचं त्यांना कोणी कळवलं नव्हतं. कळवायला कोणी वाडीवर आलंच नव्हतं.

“त्यो हिरवा दिवा लागायचा,” त्या म्हणाल्या. “पोचत हुते ना आकडे?”

मी घरून निघाल्यापासून या प्रश्नाला काय सांगायचं याचा विचार करत होते. खरं तेच सांगितलं. “राजूरपर्यंत पोचले मावशी. तिथून पुढे मी जाऊ दिले नाहीत.”

त्यांचा हात सुपात थांबला. गोरख वाहून गेल्याचं त्यांना बाजाराहून परतलेल्या माणसाकडून कळलेलं होतं. सुपाकडे बघतच त्या म्हणाल्या, “मंग मी कुनाला धाडत हुते?”

 काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, तुम्ही तर तीन वेळा जात होता, त्या दिवशी बाराला एवढं पाणी बघितल्यावर तुम्हाला काय वाटलं असेल. त्यांनी मान वर केली.

“बाराला? बाराला मी कवाच जात न्हाई. त्या टायमाला मी वावरात असते. त्या दिशी तर आवणी चालू हुती, खाली मान घालून रोपं लावत हुते. पाचाला गेले तवा पानी बघितलं. बाराचा आकडा त्येच घ्यायचे.”

मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. किल्ली एकच होती आणि ती झोपतानाही त्यांच्या गळ्यात असायची. शेजारची एक बाई आवणीला त्यांच्याबरोबर होती, तिनेही तसंच सांगितलं. बाराच्या सुमाराला भाकरी खायला सगळ्या बांधावर बसल्या तेव्हा ओढा दणाणायला लागल्याचं तिला आठवत होतं. पलीकडे जायचे दगड तेव्हा बुडालेले होते. म्हणजे आकडाही खोटा नव्हता.

परत राजूरला आले ती थेट कॉम्प्युटरपाशी. वही सुरुवातीपासून काढली. इतके दिवस मी आकडे आणि वेळा बघितल्या होत्या. कोणत्या कार्डावरून आत आलं, तो रकाना मी कधी बघितलाच नव्हता, कारण गच्चीवरून येणारं सगळं पहिल्याच कार्डावरून येणार हे मीच ठरवलेलं. सकाळच्या सगळ्या ओळींत तिथे पहिलं कार्ड. संध्याकाळच्या सगळ्या ओळींत पहिलं कार्ड. बाराच्या एकाही ओळीत काही नव्हतं. रकाना रिकामा. ज्येष्ठातल्या त्या पहिल्या दिवसापासून, मी स्वतः समोर बसून बघितली त्या ओळीतसुद्धा.

रकाना रिकामा असण्याचा आमच्या धंद्यात एकच अर्थ होतो. पाकीट बाहेरून आलेलंच नाही, ते त्या कॉम्प्युटरच्या आतच तयार झालं. म्हणून मी आत शोधलं. ठरावीक वेळेला आपोआप चालणारं काही आहे का, कॉम्प्युटरच्या आधीच्या मालकाचा एखादा विसरलेला प्रोग्राम आहे का, मधला आकडा अंदाजाने भरणारं काही आहे का. एकेक फाईल उघडून बघितली. त्या कॉम्प्युटरमध्ये मी टाकलेल्या गोष्टींपलीकडे काहीच नव्हतं. आणि अंदाजाने भरणाऱ्या कशालाही साठानंतर दोनशे पस्तीस सुचलं नसतं.

पंधरा दिवसांनी संस्थेने कार्यालयातच सभा बोलावली. ती मीच मागितली होती. सकाळी लवकर जाऊन मी जुना कॉम्प्युटर काढला आणि नवा बसवला. कार्डं नवी, वायरी नव्या, आतलं सगळं पहिल्यापासून माझ्या हाताने लिहिलेलं. टाकून देण्याची ओळ त्यात लिहिली नाही. हिराबाईंना शांताराम जीपने घेऊन आले होते. पट्टी पुन्हा सुरू करून त्यांना रीतसर मोजणीदार नेमायचं, हा सभेपुढचा पहिला विषय होता.

दुसरा विषय माझा. मी उभी राहून सगळं सांगितलं. दिव्याचं, न गेलेल्या वाडीचं, त्या एका ओळीचं, आणि रिकाम्या रकान्याचंही. रिकाम्या रकान्यापाशी सभेत कुजबूज झाली. एकजण म्हणाला तात्यांची शांती करून घेऊ, दुसरा म्हणाला तो क्रमांकच बदलून टाका. बाळासाहेब मागच्या रांगेत बसले होते. पुरात दुखावलेला डावा हात अजून गळ्यात बांधलेला. ते उठले नाहीत, बसूनच बोलले.

“ताई, कुनी धाडलं त्ये ऱ्हाऊ द्या. बाराला आलं हुतं का?”

“आलं होतं.”

“मंग पुढं का न्हाई दिलं?”

  मला वाटतं, माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीचा तेवढाच एक जाब मला कोणी विचारला, आणि तो बरोबर होता.

तेवढ्यात खोलीतले मोबाईल वाजले. आधी एक, मग दोन-तीन, मग सगळे. भिंतीवरच्या घड्याळात बारा झाले होते. हिराबाई माझ्यासमोर खुर्चीत बसल्या होत्या, किल्ली त्यांच्या गळ्यात होती. मी वळून नव्या कॉम्प्युटरला लावून ठेवलेल्या स्क्रीनकडे बघितलं. क्रमांक वरच्या पट्टीचा. पातळी एक मीटर ऐंशी. आत आल्याचा रकाना रिकामा. बाहेर, दुसरं कार्ड.

 कोणी खिशात हात घालेना. खिडकीतून बाहेर बघावं तर कडकडीत ऊन होतं. हिराबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि हळूच म्हणाल्या, “वाढतंय.”

बाळासाहेब उठले. एका हाताने मोबाईल काढून त्यांनी आकडा वाचला, आणि जिना उतरून गेले. गोरखबरोबर गेलेली मोटार त्या दिवशी दुसऱ्या एका सभासदाच्या माणसांनी शोधायला घेतली होती. पाच-सहा जण पात्रात होते. बाळासाहेबांनी काठावरून ओरडून त्यांना वर घेतलं. दोघे ऐकेनात, तर हा माणूस गळ्यातला हात तसाच ठेवून खाली उतरला आणि त्यांना वर घेऊन आला. तीनला थोडी मिनिटं कमी असताना ओढा दोन्ही काठ भरून गेला. पात्रात कोणी नव्हतं. मी ते गच्चीवरून, डिशला धरून बघितलं.

त्यानंतर मी त्या क्रमांकाला हात लावला नाही. बाराचा आकडा मग रोज येईनासा झाला. पाणी चढायला लागतं त्या दिवशीच येतो, आणि लोक वर येतात. कोण पाठवतं याची चर्चा राजूरला होत नाही. हिराबाई सकाळ-संध्याकाळ जातात, दुपारी जात नाहीत. तुम्हीच बाराचाही आकडा घ्या, असं संस्थेने त्यांना एकदा सुचवलं होतं. त्यांनी नको म्हटलं.

मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. परवा माझ्या जागेवर आलेल्या इंजिनिअरचा फोन आला. हुशार माणूस आहे, सगळ्या जुन्या वह्या तपासत होता. राजूरच्या वहीत काही ओळींना आत आल्याची नोंद नाही, हे काहीतरी चुकीचं आहे, टाकून देण्याची एक ओळ लिहू का, असं त्याने विचारलं. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, “पण मॅडम, मी नोंदीत लिहू काय?”

मी म्हटलं, काही लिहू नकोस. पुढे जाऊ दे.